ऐदु, आरु

झोन ऑफिसच्या भिंतीवर,
कुत्र्यांच्या लायसन्सच्या नोटिशीला खेटून
कागद चिकटवलेला: पालक पाहिजेत.
काही दिवसांसाठी. दुसऱ्याच्या लेकराला.
घरपट्टी निम्मी. दरमहा खात्यात रक्कम.
सिटी बसचा पास. कॉट एक, गादी एक, दप्तर एक.

मी घरपट्टी भरायलाच गेले होते.
खोटं कशाला बोलू,
आधी 'निम्मी' वाचलं,
'लेकरू' मागून.

बिराजदारबाई घर बघायला आल्या.
संडासला आतून कडी आहे का, बघितलं.
पाणी कितव्या दिवशी येतं?
पाचव्या, म्हटलं.
माझ्याकडं पण, म्हणाल्या, आणि लिहिलं काहीतरी.
अंबादासला विचारलं, पिता का?
तो म्हणाला, पगाराला.
तेही लिहिलं.
फॉर्मवर शेवटचा रकाना: मूल का ठेवू इच्छिता?
दोनच ओळींची जागा.
पोरगा भिवंडीला गेला त्याला चार वर्षं झाली होती.
मी लिहिलं: जागा आहे.

रेवणसिद्ध, वय सात, अक्कलकोटकडचा.
आई सिव्हिलला, छातीच्या वॉर्डात.
कॉटवर झोपेना. कॉटखाली झोपला, महिनाभर.
शेवटी मी गादीच खाली सरकवली.

पोचव्वा नळावर म्हणाली, सवलतीचं पोर.
म्हटलं, हो. निम्म्या घरपट्टीचं.
उरलेली निम्मी मी भरतेच की, ती कुणाची?
ती कळशी उचलून गेली.
मला मात्र दिवसभर ते शब्द
तंबाखूसारखे नाकात बसले.

पहिली रक्कम आली तिसऱ्या महिन्यात.
तोवर दोन चपला झाल्या, एक दात पडला,
आणि एका रात्री ताप असा चढला
की पोरगं भिंतीशी बोलायला लागलं.
कागदावर एक नंबर होता.
उचलतील असं वाटलं नव्हतं.
बिराजदारबाईंनी उचलला, रात्री दोनला,
आधी मला सांगितलं काय करायचं,
मग म्हणाल्या, फोन त्याच्या कानाला लावा.
कानडीत काय बोलल्या कोण जाणे.
रिक्षा येईपर्यंत तो निजला होता.
खरं सांगू, घरपट्टीपेक्षा
तो उचललेला फोन मोठा.

मी विड्या वळायची, तो समोर बसून मोजायचा.
पंचवीसचं बंडल.
मी तेलुगूत: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु.
तो कानडीत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
सारखी भांडणं, सारखी चूक.
पण पाचावर आम्ही दोघं एकदम म्हणायचो: ऐदु.
सहावर: आरु.
तिथं तो हसायचा.
सातावर पुन्हा फाटा फुटायचा,
माझं एडु, त्याचं एळु.
कारखान्याच्या वहीत सगळं मराठीत जायचं,
आणि छाट निघाली की पैसे कापायला
कुठलीही भाषा चालायची.

दीड वर्षानं आई बरी झाली.
न्यायला आली, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता.
तिला कानडीच, मला तेलुगूच नीट येतं.
मध्ये उभा राहून तो
दोघींचं मराठी करत होता.
ती खूप वेळ बोलली.
त्यानं मला एवढंच सांगितलं:
म्हणती, जेवायला घातलं.

कॉट परत गेली. पावती मिळाली.
गादी राहू दे म्हणाले, वापरलेली आहे.

यंदाचं बिल पूर्ण आलं.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
सवलत संपली मावशी. दुसरं घेता का?
रेशनवर विचारतात तसं.
चिडले नाही. त्याला तरी दुसरे शब्द कुणी दिलेत?
फॉर्म घेतला, घडी घालून पिशवीत टाकला,
अंबादासला अजून दाखवलेला नाही.

मग नोटा मोजायला घेतल्या:
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु,
ऐदु, आरु,
एळु.

कॅशियरनं पुन्हा मोजल्या.
बरोबर होत्या.